आईची रिक्वेस्ट डुप्लिकेट

चहा घ्या, पण हसायचं नाही हे आधी कबूल करा. यंदाच्या शिमग्याचं नाव काढलं की माझं डोकं अजून तापतं.

तुम्हाला माहीतच आहे, पुण्यातल्या कंपनीत माझं काम काय. गिऱ्हाइकाला सॉफ्टवेअरमध्ये काही बदलून हवं असलं की त्याने ट्रॅकरमध्ये रिक्वेस्ट टाकायची. मी ती मंजूर करायची, नाहीतर नामंजूर. तीच मागणी आधी आलेली असली, तर 'डुप्लिकेट' म्हणून बंद करायची. तोंडी काही चालत नाही.

आणि आमचं गाव पोलादपूरच्या वर डोंगरात. शिमग्याला देवाची पालखी घरोघर फिरते. कुठल्या दिवशी कुणाकडे, हे गावकीचे प्रमुख दगडूकाका ठरवणार, आणि सगळं डोक्यात ठेवणार. मुंबईकरांचे फोन सकाळपासून सुरू. 'काका, मला सोमवारचीच सुट्टी हाय.' 'काका, आमची मंगळवारी करा.' काका एखादं विसरणार, मग भावकीत भांडणं. यंदा गावी गेलो तेव्हा मला बघवेना हो. म्हटलं, काका, लोकांना ट्रॅकरमध्ये टाकू द्या, मी सांभाळतो.

"आरं, म्हाताऱ्या माणसांना जमंल का?"

"जमवावं लागेल. तोंडी काही चालणार नाही."

घरी आलो तर आई भाकऱ्या थापत होती. "बाबू, यंदा पालखी खालच्या नव्या घरी आणायची हाय. तेवढं लिहून घे."

जन्म वरच्या गळक्या घरात काढलेली बाई. आत्ता कुठे रस्त्याला नवं घर झालेलं, आणि देव पहिल्यांदा तिच्या उंबऱ्याला लागणार. वर्षभर हेच बोलत होती. मी काय म्हणावं? "आई, रिक्वेस्ट टाक."

तिने हात धुतले आणि फोन घेऊन शेजारच्या सुनेकडे गेली.

पालखी निघायच्या आदल्या संध्याकाळी ट्रॅकर उघडून बसलो तर शिस्त म्हणून नाही कुणाला. एकाच घरातून नवरा एक टाकतोय, बायको दुसरी, मुंबईतला दीर तिसरी. अरे, काय चाललंय काय? माझं टाळकंच सटकलं. घर एक, रिक्वेस्ट एक. प्रत्येक घराची पहिली ठेवली, बाकीच्या उघडूनही न बघता एका फटक्यात डुप्लिकेट. वर शेरा मारला, 'कृपया प्रक्रिया पाळावी.'

सोमवारी आई नवी साडी नेसून दारात उभी. रांगोळी, ओटीचं सामान, आरतीचं ताट. बाबा मुंबईहून आलेले, हातात नारळ. ढोल जवळ आले, आणि आमच्यासमोरून वळून वर गेले. जुन्या घराकडे. तिथे दाराला कुलूप. पालखी कुलपापुढे जरा थांबली आणि पुढच्या वाडीला निघाली. एकदा पुढे गेलेली पालखी आमच्याकडे मागे फिरत नाही.

आईने ताट खाली ठेवलं आणि आत गेली.

मी तावातावाने चढ चढून काकांना गाठलं. "कुणी केला हा गाढवपणा? माझ्या आईचं घर वगळायची हिंमत कुणाची?"

काकांनी शांतपणे फोन पुढे केला, यादी सकाळीच उघडून ठेवलेली. "तुजंच यंत्र हाय. बघ."

बघितलं. बाबांची रिक्वेस्ट पहिली: सोमवारी आणा, पत्ता सवयीने जुनाच. आईची दुसरी: नव्या घरी आणा. आईची बंद. बंद करणाऱ्याचं नाव माझं. खाली शेरा, कृपया प्रक्रिया पाळावी.

"काका, चुकलं. काहीही करा, पण पालखी आणा."

"रिक्वेस्ट टाक. तोंडी चालत नाय."

"काका, इथे रेंज नाही."

"मंग वरच्या कातळावर जा. तितं येती."

गेलो. भर उन्हात कातळावर उभं राहून टाकली. मागून चढून आलेल्या काकांनी चष्मा लावून, मुद्दाम वेळ घेऊन ती मंजूर केली. त्या दिवसाची सगळी घरं झाल्यावर, सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर, जाताना वाटेत, पालखी आमच्या नव्या दारात टेकली. आईने ओटी भरली. तिचे डोळे भरले, माझेही. वाटलं, सुटलो.

तेवढ्यात काकांनी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं. "बा देवा, ह्या घराला सुख दे. आणि ज्या पोराने सख्ख्या आईला डुप्लिकेट ठरवलं, त्याला थोडी अक्कल दे."

अख्खा गाव ओरडला, "होय महाराजा!"

आणि सगळ्यात मोठा आवाज कुणाचा होता? आईचा.