जिभेचा ठसा

पेशवाईतल्या पुण्यात कोणत्या सरदाराच्या पंगतीत किती तूप वाहिलं, हे सांगणारे पैशाला पासरी मिळतात. ते तूप ज्या भांड्यात कढलं, त्याची कल्हई कुणी तपासली हे विचारा. तोंडाकडे बघत बसतील. तर ती तपासणारी होती तांबट आळीतली सोजरबाई, आणि तपासायची ती जिभेनं.

काम ऐकायला सोपं. दिवस बुडताना नव्या कल्हईच्या प्रत्येक भांड्यात आंबट ताक ओतून झाकून ठेवायचं, आणि सकाळी चूळ भरून, उपाशीपोटी, एकेक पळी चाखायची. ताक आंबटच लागलं तर काठाखाली पिंपळपानाचा ठसा. नाही लागलं तर बुडाला टोच्यानं भोक, म्हणजे भांडं कुणाच्या गळ्यात मारायची सोयच नको. कल्हई विरळ राहिली तर ताक कळकतं, हिरवट होतं. ते शेंबड्या पोरालाही कळेल. पण कथलात शिसं मिसळलेलं असलं की दिसत काही नाही. भांडं उलट जास्त चकाकतं. ताकाला फक्त किंचित गोडी येते. ती गोडी अंगात साठत गेली की माणूस फिका पडतो, पोटात मुरडा सुटतो, बायांचे गर्भ टिकत नाहीत, असं जाणती माणसं सांगत. जी खोट गोड लागते, तिला पकडायला जीभच लागते.

ह्या जिभेचं सोवळं सासूनं सांभाळायला लावलं होतं. विडा नाही, तंबाखू नाही, हिरवी मिरची नाही. लग्नातला विडासुद्धा सासूनं तिच्या हातातून काढून नवऱ्याच्या हातात दिला होता. "तोंड रंगवायला आळीभर बायका आहेत," ती म्हणाली होती, "तुझं तोंड कामाचं." नवरा गेला, सासू गेली, कारखाना धाकट्या दिराकडे, दत्तोबाकडे आला; ठसा मात्र सोजरबाईच्याच कनवटीला राहिला. आळीत म्हणायचे, पिंपळपान दिसलं की भांडं वाजवून बघायला नको.

तिचा एकुलता एक मुलगा संभाजी फौजेबरोबर कर्नाटकात गेला, मुदपाकातल्या भांड्यांना कल्हई करायला. फौज परत आली, तो आला नाही. तापानं गेला, कुठल्याशा नदीकाठी जाळला, असं बरोबरच्या एकानं उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलं, आणि संभाजीचा हातोडा खाली ठेवून तो निघून गेला.

सोजरबाई रडली नाही. बायका जमल्या, गळ्यात पडल्या, ती खांबासारखी उभी. "दगड आहे दगड," असं कुणीतरी पाठीमागे म्हटलं. तेही तिनं ऐकलं आणि तिला काही वाटलं नाही. तेराव्याच्या जेवणात लक्षात आलं की अन्नाला चव नाही. आधी वाटलं, मीठ राहिलं असेल. मग घरचं लिंबाचं लोणचं तोंडात घेतलं. तोंडात मऊ काहीतरी आहे, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती कामाला बसली. आळी म्हणाली, बाई धीराची. धीर कसला डोंबलाचा. हात सवयीनं पळी तोंडाला लावत होता, सवयीनं ठसा मारत होता. हे कुणाला सांगावं, असं तिच्या मनातही आलं नाही. कथील नेहमीचंच, कारागीर नेहमीचेच, बिघडणार काय, असंही तिनं मनाशी म्हटलं नाही. नुसतं चालू राहिलं, उतारावर सोडलेल्या चाकासारखं.

मग एक सकाळ अशी आली. नारायण पेठेत कुणाच्या तरी घरची मुंज होती. तिथं जायची पातेली आणि घंगाळं ठसे मारून ओळीनं मांडलेली, हमाल दाराशी चिलीम ओढत बसलेले. दत्तोबाची बायको मैना चाखून उरलेलं ताक म्हशीच्या घमेल्यात ओतत होती. दाढ दुखत होती म्हणून तिचा विडा बंद होता. तहान लागली, तशी ती घोटभर ताक प्यायली.

"जाऊबाई, ताकात गूळ टाकलात का हो?"

"काय?"

"गोडसर लागतंय. कढीचा बेत होता वाटतं."

सोजरबाईनं शेजारचं पातेलं पुढं केलं. "हे बघ."

"हेही तसंच."

"आणि हे?"

"अहो, सगळ्यांचं एकच. पण असं काय विचारताय? तुम्ही आत्ताच तर चाखलंत."

सोजरबाई उठून भट्टीपाशी गेली. दत्तोबा पान लावत होता.

"कथलात शिसं घातलंस?"

दत्तोबानं चुन्याचं बोट पुसलं. "वहिनी, आज विचारताय होय हे?"

"घातलंस का?"

"घातलं. कथील महाग झालंय, फौजेच्या भांड्यांना सगळं तिकडेच जातंय. पहिल्या हंडीला घातलं तेव्हा मला झोप नव्हती. म्हटलं, वहिनी भोक पाडणार आणि सगळ्यांदेखत माझी हजामत करणार. तुम्ही चाखलंत आणि गप ठसा मारलात. मला वाटलं, तुम्ही समजून घेतलंत. एकटा ओढतोय बिचारा, म्हणून."

"मला चव नाही, दत्तोबा."

"कसली?"

"कशाचीच. संभाजी गेल्यापासून."

दत्तोबानं तिच्याकडे बघितलं. हातातलं पान तसंच. "मग सांगायचं नाही का?"

"तू विचारायचं नाही का?"

एकानं गप्प राहून चोरी केली, दुसरीनं गप्प राहून तिच्यावर ठसा मारला, आणि दोघांना वाटत होतं की घर चाललंय. कारखाने असेच बुडतात. शत्रू यावा लागत नाही.

"बरं, आता ठसा पडलाय," दत्तोबा म्हणाला. "एका मुंजीच्या जेवणानं कुणी मरत नाही. पुढच्या वेळी—"

सोजरबाईनं टोचा उचलला होता. पहिल्या पातेल्याच्या बुडात तो घुसला तेव्हा हमालांनी माना वळवल्या. मैनानं न सांगता दुसरं पातेलं उपडं घातलं आणि धरून ठेवलं. पुढचं ओळीनं.

"वहिनी, आळीत तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

"तोंड नको दाखवूस. भांडी दाखव."

सगळ्यांची बुडं फुटली तेव्हा तिनं विचारलं, "ती पहिली हंडी कुठं आहे?"

"सरुबाईनं नेली. येरवड्याच्या."

सोजरबाईनं टोचा कनवटीला खोचला आणि नदीची वाट धरली. नावेत बसली. नावाडी तिच्याशी पाण्याबद्दल काही बोलला, ते तिला पुढं आठवलं नाही.

सरुबाई तिची जुनी गिऱ्हाईक, शेतकरणीची जात, मोठ्या आवाजाची. अंगणात सोजरबाईला बघून तिनं कमरेवरची घागर खाली ठेवली. "आगं सोजरे, तू? बस की. पोराचं ऐकलं. काय बोलावं."

ओट्यावर तिची लेक कुसुम भाकर खात होती. पहिलटकरीण, माहेरी आलेली, पोट दिसायला लागलेलं. पुढ्यात कढीचा वाडगा.

"आंबटाचं डव्हाळं हायती तिला," सरुबाई म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ कढी, न्हायतर चिंचेचं सार. तुमच्या नव्या हंडीतलं लई ग्वाड लागतंय म्हनती."

सोजरबाई वाडग्याकडे बघत होती. आत काहीतरी हलायला हवं होतं, एवढं तिला कळत होतं. हललं नाही.

"हंडी दे, सरू."

"का गं?"

"खोटी आहे. शिसं आहे तिच्यात."

"तुजा ठसा हाय की तिच्यावर."

"ठसा माझाच. मी न चाखता मारला."

सरुबाईनं आधी हसून घेतलं, मग तिचा चेहरा उतरला. "दुक्खानं येडी झालीस व्हय?"

"नाही."

कुसुमनं वाडगा खाली ठेवला. हात आपोआप पोटावर गेला. "मावशी, माज्या लेकराला काय हुईल?"

इथं खोटं बोलायला सगळा वाव होता. काही होत नाही गं, देवाची कृपा, असं कुणीही म्हटलं असतं. पण गोडीनंच हा घात केला होता.

"माहीत नाही," सोजरबाई म्हणाली. "आजपासून यातलं खाऊ नकोस."

तिनं चुलीवरची हंडी पदरानं धरून अंगणात आणली, कढी ओतून दिली आणि बुडाला टोचा घातला. कोंबड्या कढीकडे धावल्या, तशा सरुबाईनं दगड मारून हाकलल्या.

"जा आता," सरुबाई म्हणाली. आवाज मोठा नव्हता.

मुंजीचं काम हातचं गेलं ते गेलंच. आळीतले टवाळ दत्तोबाला विचारत, "काय हो, हल्ली चाळण्या करता वाटतं?" तो कुणाला काही बोलत नसे, आणि कथील आणलं की आधी मैनापुढं ठेवत असे. मैनाचा विडा सुटला. पहिले काही दिवस तिची चिडचिड बघण्यासारखी होती. पानाचा डबा तिनं स्वतःच विहिरीत टाकला आणि मग त्या डब्यासाठी रडली. सकाळी दोघी ओळीनं बसत. मैना चाखून "आंबट" म्हणे, मगच सोजरबाई ठसा मारी. मैना "थांबा" म्हणाली की टोचा. सोजरबाईची जीभ मेली ती मेलीच. ती आता पळी तोंडाला लावतच नसे.

शेतं कापून झाल्यावर सरुबाई एकदा दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. ओच्यातली साखरेची पुडी तिनं ओट्यावर ठेवली.

"मुलगी झाली. बारीक हाय जरा. रडती मात्र मोठ्यांदी."

सोजरबाईनं पुडी उचलली.

"साखर द्यायला न्हाय आले," सरुबाई म्हणाली. "हंडी न्यायला आले. ती तू फोडलीस, मडक्यात किती दिस रांधू?"

सोजरबाईनं पुडीतली चिमूट जिभेवर ठेवली. दाणे विरघळत गेले, एवढंच. तिनं पुडी मैनापुढं केली.

"गोड आहे," मैना म्हणाली.

"आणि कोपऱ्यातली ती हंडी?"

"ती आंबट. सकाळीच बघितलीय."

सोजरबाईनं हंडी मांडीशी आडवी धरली, काठाखाली ठसा टेकवला आणि संभाजीचा हातोडा घेतला. घाव जरा जोरात बसला.

"हळू की," सरुबाई म्हणाली. "नवी हाय ती."