उजवीकडून पहिले

फोटोतल्या माणसाचं वय कमी करायचं असेल, तर माझे काका म्हणजे देवमाणूस. मस, वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं त्यांच्या बारीक ब्रशापुढे हात टेकायचं. स्टुडिओच्या मागच्या खोलीत खिडकीशी तिरकी काच लावलेलं टेबल होतं. तिथे बसून ते ब्रशाला ओठांनी टोक काढायचे आणि आई ओरडायची, "भाऊजी, रंग पोटात जातोय!"

"जाऊ दे वहिनी, आतून तरी गोरा होईन."

त्या खोलीतला रसायनांचा आंबूस वास अजून कुठे आला, की मला आधी ते टेबल आठवतं.

बाबा, म्हणजे काकांचे थोरले भाऊ, नदीवरच्या पुलाच्या कामावर फिटर होते. पूल पुरा होत आला असताना ते परांचीवरून पडून गेले. मी तेव्हा रांगत होते. थोड्याच दिवसांत उद्घाटन झालं आणि कामगारांच्या सगळ्या टोळीचा फोटो काढायचं काम नेमकं काकांकडेच आलं. फोटोचा छाप हातात घेतल्यावर त्यांचं डोकं फिरलं. ज्यानं पूल बांधला तो नाही, आणि फीत कापायला आलेले मधोमध! याला खरा फोटो कोण म्हणेल? त्यांनी बाबांच्या लग्नाच्या फोटोतला चेहरा कापून छापाच्या उजव्या टोकाला चिकटवला, खाली कामाचे कपडे रंगवले आणि त्या छापाचा पुन्हा फोटो काढला. चेहरा लग्नातला, त्यामुळे घामेजलेल्या मंडळींत बाबा एकटेच पावडर लावून आल्यासारखे दिसतात. टोळीतल्या लोकांनी तो पाहिला आणि प्रत्येकानं तोच मागून नेला. मूळ फोटो कुणाच्याच घरी गेला नाही.

आमच्या भिंतीवर तो कायम होता. "बघ, त्या दिवशी किती खुशीत होते," असं आई मला सांगायची. बाबा त्या दिवशी तिथे नव्हते हे तिला ठाऊक होतं, मलाही पुढे कळलं, पण घरात कुणी कधी तोंडातून काढलं नाही. मला ते फार आवडायचं. शाळेत मी त्या फोटोच्या जोरावर भाव खाल्लाय.

पुलाला पन्नास वर्षं झाली तेव्हा वाचनालयात प्रदर्शन भरलं. इतिहास शिकवणाऱ्या एका बाईंनी खपून पुलाची हकिकत लिहिली होती आणि तिच्यावर हाच फोटो मोठा करून लावला होता. आम्ही तिघं नटूनथटून गेलो. मी मोठ्यानं वाचायला लागले: "उद्घाटनाला सगळी टोळी हसतमुखानं हजर होती. या कामात एकाही कामगाराचा जीव गेला नाही."

"एकाचाही नाही?" आई म्हणाली. "मग मी विधवा कशी झाले?"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. घरी येऊन ते जेवले नाहीत. "वहिनी, त्याला ठेवायच्या नादात मी त्याचं मरणच पुसून टाकलं," एवढंच म्हणाले. खरं सांगावं, तर बाई फोटो उतरवणार, म्हणजे भाऊ दुसऱ्यांदा जाणार. न सांगावं, तर तो मेलाच नाही. बिचाऱ्यांची चांगलीच कोंडी झाली.

सकाळी दाढी करून ते निघाले. मी सोबत गेले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण काका, माझ्याकडे पुरावा हाच आहे."

"पुरावा मीच बनवलाय, बाई. बघा ना, सगळ्यांच्या सावल्या पडल्यात. याचीच नाही."

"घालायची राहिली?"

"राहिली नाही. काढायला बसलो, पण हातच चालेना."

बाई फोटोजवळ गेल्या. "मी तरी दुसरं काय केलं?" त्या म्हणाल्या. "सुरुवात कुठून करायची, मधे कुणाला उभं करायचं, मीच ठरवलं. सगळे हसताना दिसले, म्हणून शेवट गोड केला." मला त्यांचा आलेला राग तिथेच निवळला.

"उतरवणार का?" काकांनी विचारलं.

"नाही. पण खरं काय ते खाली लिहीन."

आपण हात लावलाय हे कुणाला कळू नये, यातच काकांची सगळी उमर गेली होती. तरी ते म्हणाले, "लिहा. त्याला फोटोत मी घातलं, हेही लिहा."

पुढच्या आठवड्यात आईला घेऊन गेलो. फोटोखाली नवा मजकूर होता: "उजवीकडून पहिले फिटर त्या दिवशी हजर नव्हते. पुलाचं काम करताना पडून त्यांचा मृत्यू झाला होता. त्यांच्या धाकट्या भावानं त्यांना या फोटोत रंगवलं." लोक तिथेच थबकत होते. काका मात्र दाराशीच घुटमळत राहिले, वहिनीसमोर यायची त्यांची छाती होईना.

आईनं चष्मा पुसून वाचलं, परत वाचलं. इतक्या वर्षांत त्या फोटोसमोर ती कधी रडली नव्हती. आता चारचौघांत ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिनं काकांना हात करून जवळ बोलावलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "किती छान रंगवलंत हो ह्यांना."