खरखरीच्या नोंदी

सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास मी नगरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले, तात्पुरती. तिसऱ्याच महिन्यात देवळाली प्रवरेच्या एका व्यापाऱ्याची तक्रार आली : नवी मुलगी बोर्डावर बसली की आमचा ट्रंक कॉल मध्येच तुटतो. साहेबांनी बोलावून सांगितलं, "दोन दिवसांत खुलासा द्या. नाहीतर कायम करायची शिफारस माझ्याकडून जाणार नाही." घरात कमावती मी एकटीच होते.

शेजारच्या बोर्डावर एक जुन्या ऑपरेटर बाई बसत. लाईन बंद पडली की आम्ही सगळ्याच बिघाडाच्या वहीत लिहायचो. बाई मात्र नुसती खरखर आली तरी तारीख, वेळ, कुठली लाईन, सगळं टिपायच्या. "बाई, शिंक आली तर तीही लिहा," असं आम्ही चिडवायचो. त्यात मीही होते.

त्या दिवशी बाईंनी जुन्या वह्या माझ्यापुढे ठेवल्या. "तोंड पाडून बसू नकोस. तू यायच्या आधीपासूनचं वाच."

जेवणाच्या सुट्टीत वाचत बसले. देवळालीच्या लाईनवरची खरखर मी लागण्याच्या कितीतरी आधीची निघाली. आठेक दिवस रोज, मग तीन आठवडे काही नाही, मग पुन्हा. आमचे एक लाईनमन त्याच भागातले, शेतकरी घरचे. त्यांना तारखा वाचून दाखवल्या.

"आवो ताई, ह्या तर आमच्याकडच्या पाटाच्या पान्याच्या पाळीच्या तारखा हायती," ते म्हणाले. "पानी सुटलं की भुई लोन्यावानी हुती. खांब हालत आसंल."

दुसऱ्या दिवशी ते जाऊन पाहून आले. उसाच्या कडेला एक खांब होता. कालव्याचं पाणी आलं की बुडाची माती मऊ व्हायची, वाऱ्याने खांब डोलायचा आणि तारेला तार लागून खरखर व्हायची, कधी कॉलच तुटायचा. माती वाळली की खांब पुन्हा घट्ट.

बाईंच्या नोंदी मी खुलाशात उतरवून दिल्या. साहेब वाचून बाईंना म्हणाले, "एवढं लिहिता?"

"पगार घेते ना," बाई म्हणाल्या.

पुढे मी कायम झाले. त्या पगारावर घर चाललं, दोघा भावांची शिक्षणं झाली. ऑर्डर हातात आली तशी आभार मानायला बाईंकडे गेले. कानाला हेडफोन होता, त्यांनी हातानेच थांबवलं. कॉल जोडून झाल्यावर हेडफोन काढून ठेवला आणि मी काय म्हणते ते सगळं ऐकून घेतलं. तेवढं मला बोलता आलं, हे बरं झालं.