माझ्या चौदा, अक्काची एक

गॅसचा सिलिंडर कोणत्या तारखेला लावला हेही कॅलेंडरवर लिहून ठेवणारी मी. त्यामुळे स्कॅनच्या अहवालातले आकडे आजही पाठ आहेत. पोटात चौदा गाठी, सगळ्यात मोठी सव्वाचार सेंटिमीटर, आतड्यांवरच्या पडद्यावर विखुरलेल्या. आठ वर्षांपूर्वी दुर्बिणीने गर्भाशयाची गाठ काढली होती, तेवढाच माझा जुना आजार. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर पसरल्यासारखं दिसतंय, तुकडा काढून तपासू. त्या दिवशी देवघरात दिवा लावला, पण हात जोडवले नाहीत.

तपासणीसाठी दोन दिवस दवाखान्यात होते. शेजारच्या खाटेवर शिरोळकडच्या एक बाई होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांना एकच गाठ, लिंबाएवढी. भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा, एकच आहे, साधीच असेल. ते ऐकलं की माझा जळफळाट व्हायचा. अक्का पोटभर जेवायच्या, घोरायच्या, आणि मला म्हणायच्या, “चौदा हायत व्हय तुझ्या? माझी बिचारी एकटीच पडली की.” सगळे हसायचे. मी भिंतीकडे तोंड करून पडायचे. माझ्याहून वयाने मोठी, मुलींची लग्नं झालेली, तिला एक आणि मला चौदा का, हा हिशेब काही केल्या सुटत नव्हता.

अहवाल शनिवारी मिळणार होते. शुक्रवारी मी अंबाबाईला गेले. खण, नारळ, तांदूळ देऊन ओटी भरली आणि मनात जे मागितलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. म्हटलं, आई, तिचा अहवाल मला दे, माझा तिला दे.

शनिवारी बाकावर अक्का आधीच बसल्या होत्या. गावी न जाता त्या कोल्हापुरातच नणंदेकडे राहिल्या होत्या. पिशवीतून त्यांनी प्रसादाचा नारळ काढून माझ्या पदरात घातला. म्हणाल्या, “काल माझी वटी भरायला गेलतो. दारात गेल्यावर वाटलं, आपली एकच हाय, हिला जास्त गरज. मग तुझ्याच नावानं भरली बघ.”

म्हणजे एकाच दिवशी, एकाच देवीपुढे आम्ही दोघी एकमेकींचं नाव घेऊन उभ्या होतो. मला त्यांच्याकडे बघवेना.

आधी मला बोलावलं. माझ्या चौदाही गाठी साध्या स्नायूच्या निघाल्या, गर्भाशयाच्या त्या जुन्या गाठीच्याच जातीच्या. असं फार क्वचित होतं, दिसायला हुबेहूब कॅन्सर, पण कॅन्सर नव्हे, फक्त नजर ठेवायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. नंतर अक्का आत गेल्या. त्यांची ती एकच गाठ कॅन्सरची निघाली.

मला आनंद झाला नाही असं नाही. पण मी मागितलं तेच मिळालं की काय, हा विचार पाठ सोडीना. अक्कांच्या दुसऱ्या केमोच्या वेळी त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगून टाकलं. त्यांनी हाताला धरून मला जवळ ओढलं. मग म्हणाल्या, “लई मोठी लागून गेलीस की गं. तू सांगणार आणि आंबाबाई माझ्या पोटात गाठ ठेवणार व्हय? गाठ तू मागायच्या आधीपास्नं हुती. आता रडत बसू नगंस, माझी वटी भरत जा.”

तेव्हापासून दर शुक्रवारी जाते. देवीपुढे आता मागणं एवढंच असतं की अक्कांचं तू बघ, माझंही तूच बघ. कोणाला किती द्यायचं हे तिला सांगणं सोडलं. अक्कांचे उपचार चालू आहेत, माझ्या गाठी आहेत तिथेच आहेत. मत्सर गेला असं म्हणणार नाही. पूर्वी अक्कांच्या एका गाठीचा हेवा वाटायचा, आता त्यांच्या मनाचा वाटतो. आजवर किती शुक्रवार झाले, ते मात्र मी कॅलेंडरवर लिहिलेलं नाही.