शाळेला दिलेली वाळू

धाडकडे निघालात तर तिथलेच लोक सांगतील, इथे बघण्यासारखं काही नाही. त्यांचं ऐकू नका. नातीने ब्लॉग उघडून दिलाय, तर माझा पहिला प्रवास तिथलाच. तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि मी पुण्यात नवी होते. तिथे नळाचं पाणी पिऊन माझी तहान कधी भागली नाही, हे सासूबाईंना सांगायची सोय नव्हती.

धाडजवळच्या आमच्या गावाला पाणी नाल्याचं. उन्हाळ्यात नाल्याच्या वाळूत हातभर खड्डा करायचा, पाणी झिरपून वर येतं. तो झिरा. आपली घागर भरली की खाली राहिलेलं उपसून टाकायचं, मागून येणारीला ताजं मिळावं म्हणून. हे न करणाऱ्या बाईशी गावात कुणी नीट बोलत नसे.

त्या वर्षी दादाचं कार्ड आलं. नाला आटला, झिरे कोरडे, आणि निर्मला शाळा सोडून पाण्याला जाते. निर्मला माझी भाची, आठ वर्षांची. मी सासरी दोन दिवसांचं सांगून निघाले.

पुण्याहून मनमाड, तिथे गाडी बदलून मलकापूर. तिथून एसटीने राजूर घाट चढून बुलढाणा आणि पुढे दुसऱ्या एसटीने धाड. तिकिटाचे पैसे आठवत नाहीत, पण मोताळ्याच्या थांब्यावरची गरम भजी आठवतात. शेजारच्या म्हातारीने माझी पिशवी चाचपली.

"माहेरी जाऊन राह्यली का वं?"

"हाव," म्हटलं. पुण्यात दोन वर्षं तोंडात दाबून ठेवलेला शब्द आपसूक निघाला. मला रडूच आलं.

धाडला बाजाराचा दिवस होता. दादा बैलगाडी घेऊन आला होता. वाटेत नाला लागला आणि मी गाडीतून उतरले. वाळूच नव्हती. खाली नुसता काळा खडक.

"वाळू कुठी गेली?"

दादाने बैलांकडे बघत सांगितलं, "शाळेत."

नवी शाळा मी बघितली होती ती पत्रातून. ती व्हावी म्हणून दर पत्रात दादाच्या मागे मीच लागले होते. मी रोज धाडपर्यंत पायी शिकायला गेले, निर्मलाने जाऊ नये. मग गावाने श्रमदान काढलं. विकतची वाळू आणली तर आपली शाळा कसली, म्हणून घरटी एक गाडी नाल्यातून. कुणी मागे राहायला तयार नव्हतं, कुणी दोन-दोन दिल्या. त्या वाळूच्या पोटातच पाणी थांबत होतं, हे झिरे खणणाऱ्या गावाला सुचलं नाही. मलाही नाही.

संध्याकाळी वहिनींनी भाकर आणि वांग्याचं भरीत वाढलं.

"मले शाळा नको होती असं नाही, ताई," त्या म्हणाल्या. "पण दूरच्या विहिरीवर माह्या एकटीच्यानं होत नाही. पोरगी नेली नाही तं रांधू कशात?"

शाळेच्या भिंती रहीमचाचांनी बांधल्या होत्या. गावचे गवंडी, लहानपणी मला खांद्यावर बसवणारे. दुसऱ्या दिवशी गेले तर ते नाल्यावरच्या टेकडीच्या घळीत एकटे दगड रचत होते.

"वाळू म्याच कालवली बेटी, म्याच परत आणीन. पाणी दौडत आलं तं सगळं घेऊन जाते. त्याले चालाले लावू. मंग वाळू आपोआप बसंल."

पारावरची मंडळी हसत होती, चाचा म्हातारपणी चळले म्हणून. मी पदर खोचला. तिसऱ्या दिवशी वहिनी आल्या, मग चार बाया, मग दादा खाली मान घालून. आठ दिवसांत तीन घळींना गुडघाभर बांध झाले. पुण्याहून कार्ड आलं, "तब्येत बरी आहे ना?" नवऱ्याची रागवायची पद्धत ती.

निघताना मी सवयीने नाल्यात उतरले, घोटभर पाणी प्यायला. खडकावर बसून राहिले. माहेरून तहानलेलं परत जायचं दुःख मी पहिल्यांदाच बघत होते.

पुण्यात परतल्यावरही नळाखालच्या बादलीतून घागर भरली की बादलीच्या तळाचं पाणी मी ओतून द्यायची. सासूबाई ओरडायच्या. मागून कुणी येणार नव्हतं, त्यांचंही बरोबरच होतं.

दुसऱ्या वर्षी, पाऊस सरल्यावर पाकीट आलं. अक्षर दादाचं नव्हतं, मोठं, वाकडं, ओळी सोडून पळणारं. आत पुडीत चिमूटभर वाळू.

"आत्या, बांधामागं अन् नाल्यात वाळू बसली. आई म्हनते झिऱ्याले पाणी आलं, थोडंच हाय. तुमच्यासाठी ती रोज झिरा उपसून ठेवते. मी शाळेत जाते. हे पत्र मीच लिवलं."