विझलेला कंदील

माझा बालमित्र भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत दशांश अपूर्णांक शिकवत होतो. आदल्याच रविवारी घाटावरच्या आमच्या बेलापूरला त्याच्या ओट्यावर आमचं त्यावरून वाजलं होतं. अपूर्णांक चित्रं काढून शिकव, असं तो म्हणत होता. ‘‘आकडा तो आकडा, चित्रं बालवाडीत काढतात,’’ असं मी म्हणालो आणि चहा न घेताच उठलो... तो चहा अजून सलतो.

भास्कर मालवाहू जहाजावर अधिकारी. आमच्याकडे समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात, म्हणून गाव त्याला बोटवाला म्हणायचं. जहाजाच्या बंद कोठारात कुणी उतरण्याआधी तिथली हवा यंत्राने मोजायची आणि लिहून ठेवायची, हे त्याचं काम. एकदा त्याने वरचं, मधलं, तळाचं माप तक्त्यात चोख लिहिलं. एका खलाशाने घाईत पहिला आकडा पाहिला, तो चांगला होता, आणि तो उतरला. हवा तळाशी खराब होती. तो वर आला नाही. चौकशीत भास्करचे आकडे बरोबर ठरले, पण त्या सुट्टीत तो तेच तीन आकडे पुन्हा पुन्हा लिहून बघत होता.

आमच्याकडे जुनी विहीर उपसायची तर आधी पेटता कंदील दोरीने खाली सोडतात. तो विझला तर कुणी उतरत नाही. भास्करने तक्ता बाजूला ठेवला आणि नमुना म्हणून कोठाराचं चित्र काढलं. जिथली हवा वाईट, तिथे विझलेला कंदील. आकडे बाजूला, बारीक. मग तो कागद आईपुढे धरायचा. त्याच्या आईला, म्हणजे आमच्या काकूंना, अक्षरओळख नाही.

‘‘आई, उतरू का?’’

‘‘न्हाई बाबा. दिवा इझलाय.’’

काकूंना कळला तरच तो नमुना जहाजावर जायचा. शिकल्यासवरलेल्यांची परीक्षा आमच्या काकू घेतात, अशी मी चेष्टा करायचो. तो हसायचा नाही.

दहाव्यानंतर त्याच्या बॅगेत एक अर्धवट कागद सापडला. दुसऱ्या कोठाराचा असावा; आकडे लिहिलेले होते, कंदील काढायचे राहिले होते. मी तो काकूंपुढे धरला. त्यांनी बराच वेळ पाहिलं. ‘‘उतरायचं का न्हाई, कळंना मला. त्याला म्हनावं, पुन्यांदा काढ,’’ म्हणाल्या, आणि मग पदर तोंडाला लावून बसून राहिल्या...

शाळा सुटल्यावर मी तो कागद पुरा करायला फूटपट्टी घेऊन बसू लागलो. माझा कंदील तांब्यासारखा दिसतो. दोनदा काकूंनी कागद परत केला. काल तिसरा नेला. त्यांनी तळाच्या कंदिलावर बोट ठेवलं.

‘‘आता कळलं. ह्यात कुनाला उतरू दिऊ नको.’’