निशाताईंनी विचारलं म्हणून

तळोद्याच्या माझ्या दवाखान्यात रक्त तपासणाऱ्या निशाताई मूळच्या कळसाडी गावच्या, घरची बोली अहिराणी. अठरा वर्षं डोंगरातल्या पेशंटशी बोलता बोलता त्या त्यांची पावरी बोलीही शिकल्या. मी मात्र अजून ‘कुठं दुखतं’च्या पुढे सरकलेलो नाही. त्यांच्यासमोर माझी डॉक्टरकी जरा बेतानंच चालते.

यंदाच्या होळीनंतर वरच्या पाड्यावरचा वीरसिंग आला, आई भुरीबाईच्या खांद्याचा आधार घेत. मांड्या अशा दुखत होत्या, की बाकावरून उठवेना. रक्तात यकृताचे म्हणतात ते एन्झाइम वाढलेले आणि स्नायूंचं सीके नावाचं एन्झाइम पाच हजारांवर. एरवी ते दोनशेच्या आत असतं.

“काही जड काम केलंस?” मी विचारलं.

“नाही.”

झालं! स्नायूंना सूज आणणारा आजार, असं ठरवून मी स्टेरॉइड लिहायलाही घेतलं. भुरीबाईनं तोडक्या मराठीत हळूच विचारलं, “आता हा चालणार नाही का?” एकुलता एक पोरगा तिचा.

निशाताई रिपोर्ट घेऊन दारातच उभ्या होत्या. “साहेब, सूजची सीआरपी तं नॉर्मल शे. जराखा थांबा.” वीरसिंगच्या कमरेवरचे दोरीचे वळ त्यांना दिसले होते. त्यांनी पावरीत काहीतरी विचारलं आणि पोराचा चेहरा खुलला. पावसाळ्यात आई आजारी पडली तेव्हा त्यानं नवस केला होता. तो फेडायला कमरेला घुंगरं बांधून, अनवाणी, गावोगावच्या होळीत पाच दिवस नाचला होता.

“मग मघाशी नाही का म्हणालास?” मी चिडलोच.

“तुम्ही काम इचारं, साहेब,” निशाताई म्हणाल्या. “हाई काम नही, देवनं शे.”

मला लाज वाटली. अति दमलेल्या स्नायूंतूनही तेच एन्झाइम रक्तात उतरतात, हे मीच शिकलेलो. लघवीचा रंग साफ आहे ना, ते विचारलं आणि स्टेरॉइडची चिठ्ठी फाडली. भरपूर पाणी, आराम, दहा दिवसांनी पुन्हा रक्त.

ते दहा दिवस निशाताईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. जीप थांबली, की त्या बाहेर डोकावायच्या. अकराव्या दिवशी वीरसिंग स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढून आला. सीके एकशेसाठ. आकडा निशाताईंनीच मोठ्यानं वाचला. भुरीबाईनं त्यांचे दोन्ही हात धरले आणि पावरीत भडाभडा काहीतरी सांगितलं.

“काय म्हणते?” मी विचारलं.

निशाताई डोळे पुसता पुसता हसायला लागल्या. “रगत चांगलं उनं तं पुढली होळीले पोऱ्याले परत नाचाडसू, आसा नवस करेल शे तिनी!”